चुनाबाईची टाकी

आमच्या न्हाणीघरात पाच बादल्या आहेत, आणि त्यातल्या एकाही बादलीतल्या पाण्याने आंघोळ करायची नाही. पहिलीत पावसाचं पाणी. दुसरीत वाळकी पानं भिजत घातलेलं पाणी. तिसरीत या दोन्हींचं मिश्रण, चौथीत तेच मिश्रण ‘मुरत’ ठेवलेलं, आणि पाचवीत काय आहे ते विचारायचं मी सोडून दिलं आहे. प्रत्येक बादलीवर झाकण, झाकणावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तारीख. पंचावन्न पार केलेल्या बाईने स्वतःच्या घरात अंग चोरून, कोपऱ्यात उभं राहून आंघोळ करावी, हे कुठल्या शास्त्रात बसतं? ताईला विचारलं तर ती म्हणते, “रसायनशास्त्रात.”

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. माझा नवरा गेल्यावर तिनेच मला तिच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणलं, माझं सामान स्वतः वर चढवलं आणि अर्धं कपाट रिकामं करून दिलं, हे मी विसरलेले नाही. विसरायला होतं ते बादल्यांमुळे.

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात, प्रयोगशाळेत, ताईने चौतीस वर्षं काढली. धरणातून येणारं कच्चं पाणी जंगलातून वाहत येतं. त्यात वर्षानुवर्षं पानं पडून कुजतात, म्हणून ते कोऱ्या चहासारखं तांबूस असतं, साबणाला भरभर फेस आणणारं मऊ, आणि किंचित आंबट. ऐकायला बरं वाटतं, पण असं पाणी लोखंडी नळ आतून खाऊन टाकतं. म्हणून त्यात चुना घालायचा, आंबटपणा मोडायचा, त्याला जड करायचं आणि मगच शहरात सोडायचं. किती चुना घालायचा हे रोज ताई ठरवायची. तिथे सगळे तिला चुनाबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. चौतीस वर्षं अख्ख्या शहराला चुना लावला आणि वर निरोपसमारंभात घड्याळ घेऊन आली, असं मी पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. ताई म्हणते, “माप कधी चुकलं नाही.”

हे माप तिच्या हाडीमासी खिळलेलं आहे. भाजीतलं मीठ ती चिमटीने नाही, तराजूवर घालते. मी चहा पुढे केला की आधी कपाला बाहेरून हात लावते, मग घड्याळ बघते, मग पिते. एकदा मला ताप आला होता तर तिने तीन तापमापकं लावली, तिघांची सरासरी काढली आणि ती मला वाचून दाखवली. मला पाणी हवं होतं.

तर मासे. प्रयोगशाळेच्या दाराशी एक सिमेंटची टाकी होती, शेवाळाने हिरवी झालेली. धरणाचं कच्चं पाणी, चुना पडायच्या आधीचं, एका नळीने त्यातून सतत वाहायचं, आणि त्यात बारा मासे होते. शोभेला नव्हे, नोकरीला. पाण्यात काही विषारी आलंच तर यंत्राच्या आधी मासे सांगतात. वर येऊन तोंडं उघडझाप करतात, एका कोपऱ्यात गोळा होतात. तसं दिसलं की धरणाचं पाणी आत सोडणारं वरचं दार बंद करायचं. ताई निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी एका सकाळी त्यातले सात मासे मेले. चौकशी झाली, नवी यंत्रं बसली, आणि उरलेल्या पाच माशांचं काय करायचं हा प्रश्न कोणालाच पडला नाही. ताईने निरोपाच्या दिवशी ते मागून घेतले. ते सात कसे मेले, हे तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलं की ती उठून बादल्यांवरच्या तारखा तपासायला जायची.

बोटभर लांबीचे, करडे, पोटावर एक काळी रेघ असलेले पाच मासे. दिसायला म्हणाल तर काही नाही. आमच्या शेजारीणबाई त्यांना बघून म्हणाल्या होत्या, “रंगीत मिळाले नाहीत का?” ताईने पुढचे चार महिने त्यांना जिन्यात ओळख दिली नाही.

पहिल्या आठवड्यात ताईने काचेची नवी टाकी बैठकीच्या खोलीत मांडली, नळाचं पाणी भरलं आणि मासे सोडले. दोन दिवसांत ते पांढुरके पडून तळाशी बसले. ताईने पाणी तपासलं, आणि खुर्चीत बसून राहिली.

“काय झालं?” मी विचारलं.

“हे माझंच पाणी आहे गं,” ती म्हणाली. “मीच चुना घालून घालून असं केलंय. हे कसे जगतील यात?”

तेव्हापासून बादल्या. आयुष्यभर जे पाणी तिने मोडलं तेच आता घरी बसून पुन्हा घडवायचं. गॅलरीच्या कठड्याला प्लॅस्टिकचा कागद लावून पाऊस गोळा करायचा, समोरच्या बागेतून वाळकी पानं आणायची, उकळायची, भिजवायची. बागेचा माळी मला कामावर जाताना थांबवून विचारतो, “बाई, तुमच्या बहिणीला बरं नाही का?”

पाणी जमलं तर झाडांचं निघालं. मासे सगळी हयात शेवाळाच्या अंधारात राहिलेले. काचेच्या उघड्या टाकीत कोणी समोरून गेलं तरी बिचकायचे आणि धाडकन काचेवर आपटायचे. एकाचं नाक सोललं. लपायला आडोसा हवा, आणि माशांची घाण शोषून घ्यायला जिवंत मुळं हवीत, म्हणून झाडं हवीत. पण मऊ, आंबट, तांबूस पाण्यात, कमी उजेडात जगणारी.

झाडं विकणारा टाकीवाला आमच्या पुढच्या चौकात आहे. सज्जन माणूस. बाह्या कायम ओल्या. त्याच्या दुकानात ताईबरोबर जाणं ही मला झालेली शिक्षा होती, कारण पिशवी धरायला कोणीतरी लागतंच.

“हे झाड कुठल्या पाण्यात वाढलंय?” ताईने पहिल्याच दिवशी विचारलं.

“पाण्यात म्हणजे... पाण्यातच की, ताई.”

“कुठल्या पाण्यात?”

“नळाच्या.”

“म्हणजे माझ्या,” ताई म्हणाली. “मग ते माझ्या घरी जगणार नाही.”

टाकीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मुलीला स्थळ बघतानाही कोणी इतकं खोदून विचारत नाही. मूळ गाव कोणतं, उजेड किती लागतो, पानं पाण्याखाली वाढली की पाण्याबाहेर. शेवटी त्याने वैतागून फितीसारख्या लांब पानांचं एक झाड पुढे केलं. व्हॅलिस्नेरिया त्याचं नाव. “हे घ्या,” तो म्हणाला, “हे मरतच नाही.”

दहा दिवसांत मेलं. पानं काचेसारखी आरपार दिसायला लागली आणि विरून गेली. त्याला जड पाणी लागतं, चुन्याचं. ताईने ते आधीच सांगितलं होतं, हे तिने मला आणि टाकीवाल्याला वेगवेगळं, सविस्तर ऐकवलं.

दुसरं आणलं काबोंबा. पिसांसारखं नाजूक, मऊ पाण्यातलंच. पण त्याला प्रखर दिवा लागतो. दिवा वाढवला की मासे काचेवर डोकी आपटत. दिवा कमी केला की काबोंबा सुया गाळी, त्या सुया गाळणीच्या यंत्रात जाऊन बसत आणि ताई त्या माझ्या चहाच्या गाळण्याने काढी. चहाच्या! मी नवीन गाळणं आणलं आणि माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. घरात दोन बायका, आणि एक गाळणं कुलपात. हसू नका.

तिसऱ्या वेळी तीन आठवडे शोध घेऊन, टाकीवाल्याकडून एका मोठ्या पुस्तकाचे फोटो मागवून, ताईने क्रिप्ट निवडलं. पूर्ण नाव क्रिप्टोकोरीन, पण तेवढा दम कोणाला आहे? तपकिरी-हिरव्या लांबट पानांचं बुटकं झाड. सावलीत राहतं, हळू वाढतं, मऊ आंबट पाणी त्याच्या मूळ गावचंच.

“कमी बोलतं आणि जागा बदललेली त्याला सोसत नाही,” ताई समाधानाने म्हणाली. “शहाणं झाड आहे.”

सहा रोपं लावली. दोन तास लागले. चौथ्या दिवशी सगळ्या पानांचा चिखल झाला. एकूण एक पान. बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या बरोबर समोर, कुजकट भाजीसारखा लिबलिबीत थर, आणि त्यातून हिंडणारे पाच करडे मासे.

“काढ ते,” मी म्हटलं.

“थांब. क्रिप्ट नव्या जागी गेलं की आधी पानं टाकतं. मुळं जिवंत आहेत. महिनाभरात नवी पानं येतील, या पाण्याची.”

“महिनाभर हे बघत बसायचं?”

“तू बघू नकोस. झाडाला बघायला कोणी लागत नाही.”

इथे माझं पित्त का खवळलं ते सांगायला हवं. मी अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात फुलांची सजावट करते. दाराशी, स्वागतकक्षात, जेवणाच्या टेबलांवर. माझ्या कामाचा पहिला नियम असा की कोमेजलेलं पान कोणाला दिसायच्या आत निघालं पाहिजे. सकाळी आठला मी कात्री घेऊन फिरते आणि जे मान टाकतंय ते उडवते. खालची पानं खुडायची, देठ तिरके कापायचे, काचेच्या भांड्यात तळाशी पांढऱ्या खड्यांत रोवायचे. मुळं असलेली वस्तू माझ्या हातात अठ्ठावीस वर्षांत आलेली नाही. आणि घरी आल्यावर समोर काय, तर हा चिखल. त्यावरही मी गप्प बसायचं.

त्याच आठवड्यात केंद्रातून ताईला बोलावणं आलं. धरणाजवळच्या उपकेंद्रात नवीन लोक आले होते, त्यांना शिकवायला दोन दिवस. ताईचा पाय निघत नव्हता. निघताना तिने माझ्या हातात दोन पानी सूचना दिल्या, चौदा कलमं. “हात लावू नकोस,” ती दारात म्हणाली. जिन्यातून परत वर आली आणि पुन्हा म्हणाली, “कशालाही.”

मी सहाव्या कलमापर्यंत वाचलं.

मी वाईट हेतूने काही केलं नाही, हे आधीच सांगते. मला वाटलं, दमून येईल, समोर हिरवीगार टाकी बघेल, तोंडाने नाही पण मनात तरी बरं म्हणेल. मी नळीने तळाचा सगळा चिखल एका बादलीत ओढला, त्याबरोबर टाकीतलं निम्मं तांबूस पाणीही आलं. क्रिप्टचे बुडखे उपटून त्याच बादलीत टाकले. टाकीवाल्याकडून ताजे, उंच, हिरवे देठ आणले. त्याने विचारलं, “ताईंना चालतील?” मी म्हटलं, “मी काय परकी आहे का?” ताईची वाळू इतकी बारीक की देठ उभेच राहीनात, म्हणून हॉटेलातून आणलेले माझे पांढरे संगमरवरी खडे वाळूखाली चार ओंजळी पसरले आणि त्यात देठ रोवले. वर वाळू, वाळूवर तिची वाळकी पानं, आणि शेवटी एका मुरलेल्या बादलीतलं पाणी. एकही खडा दिसत नव्हता. माझं काम स्वच्छ असतं.

टाकीशेजारी तिचा पाण्याचा आंबटपणा मोजायचा मीटर टांगलेला असतो. त्याच्या टोपणात पाणी साचलेलं दिसलं. कुठून शिरलं कोण जाणे, म्हणून मी ते ओतलं, टोक पुसलं आणि केस वाळवायच्या यंत्राने दोन मिनिटं नीट वाळवून परत टांगलं. चिखलाची बादली खाली नेऊन ओतायची होती, पण माझी कंबर धरली. मी ती गॅलरीत कुंड्यांमागे ढकलली आणि विसरून गेले.

ताई आली. चपला काढल्या, टाकीसमोर उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं, त्यापेक्षा दुप्पट ओरडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण तिने खुर्ची ओढली, बसली आणि विचारलं, “मुळं कुठे आहेत?”

“टाकली,” मी म्हटलं.

“सगळी?”

“कुजली होती, ताई.”

“पानं कुजली होती,” ती म्हणाली. बस, एवढंच. मग मीटर पाण्यात धरला. सहा पूर्णांक दोन. जसं हवं तसं. वहीत लिहिलं, आणि आत जाऊन झोपली. जेवलीही नाही. मला राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं.

पुढचे पाच दिवस आम्ही भांडी वाजवून बोललो. ताई दर चार तासांनी मीटर धरायची. सहा पूर्णांक दोन. दर वेळी वहीत. पाणी इतकं स्थिर कधीच नव्हतं, म्हणून ती मनातून थोडी निवळलीही असावी. नव्या देठांना उपटून फेकलं नाही, यातच मी काय ते समजले.

सहाव्या दिवशी सकाळी मी हॉटेलला निघाले होते. कात्री पिशवीत टाकली, किल्ली शोधत टाकीसमोरून गेले आणि थबकले. मासे बिचकले नाहीत. मी समोरून गेले की एरवी पळापळ व्हायची. आज पाचही जण वर, पाण्याच्या कडेला, एका कोपऱ्यात, तोंडं उघडझाप करत. मला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही. पण मान टाकायला आलेलं फूल मला दहा हातांवरून कळतं.

“ताई, हे बघ काय करतायत.”

ताई वही घेऊन बसली होती, मीटर पाण्यात. “सहा पूर्णांक दोन,” ती वर न बघता म्हणाली. “पाणी ठीक आहे. तू घाबरवलं असशील.”

“अगं, मान टाकतायत ते!”

“मीटर बरोबर दाखवतोय.”

“मीटरला काय जीव आहे? त्या मीटरकडे काय बघतेस, मासे बघ!”

तिची लेखणी थांबली. ती वहीवर वाकलेली होती. शेजारी उभी राहून मी पाहिलं, तर वहीत चार रकाने आखलेले, आणि शेवटच्या रकान्याचं नाव ‘मासे’. त्यात तिने त्या सकाळचा शब्द लिहायला घेतला होता. ‘ठी’ झालं होतं. ‘क’ राहिला होता.

ताईचा चेहरा असा मी आई गेली त्या वेळीसुद्धा पाहिला नव्हता. ती उठली ती खुर्ची पाडूनच. “जुनं पाणी,” ती म्हणाली. “टाकीतलं जुनं पाणी ठेवलंयस का कुठे? थोडं तरी?”

तेव्हा मला गॅलरी आठवली. मी कुंड्या लाथेने बाजूला केल्या, कंबर गेली खड्ड्यात, आणि ती बादली ओढली. वरचा गाळ खाली बसला होता आणि पाणी स्वच्छ, कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. ताईने जाळीने एकेक मासा उचलला. टाकीपासून गॅलरीपर्यंत तिची वाट मी मोकळी केली. चार मासे बादलीत खाली गेले. पाचवा जाळीतच आडवा होता. नाक सोललेला तो.

आम्ही दोघी गॅलरीच्या फरशीवर बसलो. मला कामाला उशीर झाला होता.

“पाण्यात काय घातलंस?” ताईने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“काही नाही,” मी म्हटलं. मग म्हटलं, “देठ उभे राहीनात म्हणून वाळूखाली खडे घातले. संगमरवरी. आपले हॉटेलचे.”

तिने डोळे मिटले. “संगमरवर म्हणजे चुना, छोटे. आंबट पाण्यात तो विरघळतो. पाणी आंबट असतं तोवर माशांची घाण माशांना मारत नाही. आंबटपणा गेला की तीच घाण विष होते.”

“पण मीटर...”

“तेच कळत नाही.”

“मी तो वाळवला होता,” मी म्हटलं. “टोपणात पाणी होतं म्हणून. केसांच्या यंत्राने.”

“कलम नऊ,” ताई म्हणाली. “टोक कायम ओलं ठेवायचं. कोरडं पडलं की मनाला येईल ते सांगतो.”

मला रडू फुटलं. मेल्या माशाचं आलं, माझ्या मूर्खपणाचं आलं, आणि खरं सांगायचं तर या बाईने एकदाही मला शिवी दिली नाही याचंही आलं. मी म्हटलं, “बोल ना काहीतरी! मी मारला त्याला.”

“तू बघितलंस तरी,” ती म्हणाली. “मी नाही बघितलं. दोन्ही वेळा.”

मग तिने सांगितलं. केंद्रातल्या नोंदवहीतही शेवटचा रकाना ‘मासे’ होता. दर तासाला टाकीपाशी जाऊन बघायचं आणि लिहायचं. तीस वर्षं बघून तेच दिसलं की माणूस बघायचं सोडतो. सगळेच जण जागेवर बसून पुढच्या तासाचं ‘ठीक’ आधीच लिहून ठेवायचे. तीही. त्या सकाळी धरणाच्या वर कुठेतरी काहीतरी सांडलं होतं. तिने सातलाच आठचं ‘ठीक’ लिहून ठेवलेलं. पावणेनऊला सफाईवाली ओरडत आली तेव्हा सात मासे उलटे होते. दार बंद झालं, शहरात कोणाला काही झालं नाही.

“चौकशीत वही बघितली,” ताई म्हणाली. “वहीत आठला ‘ठीक’. म्हणजे मासे आठपर्यंत ठीक होते आणि मग एकदम मेले. आधी काही सांगितलंच नाही. अहवाल आला की मासे सावध करत नाहीत, निरुपयोगी आहेत, काढून टाका. अगं, ते सांगत होते. तासभर वर येऊन सांगत असतील. त्यांना कामावरून काढलं ते माझ्या एका शब्दावर. आणि मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.”

वर्षभर मी या बाईला बादल्यांवरून टोमणे मारले होते, पाहुण्यांसमोर तिची टिंगल केली होती. मला वाटायचं हिला मापाचं वेड आहे. मला तिचा राग आला, की हे आधी का नाही सांगितलंस, आणि मी तिचा हात धरून बसले.

तेवढ्यात ती बादलीवर वाकली. “हे काय?” म्हणाली.

मी टाकलेल्या, गाळात आडव्या पडलेल्या बुडख्यांतून तांबूस रंगाची पानं आली होती. नखाएवढी. प्रत्येक बुडख्याला दोन-दोन, तीन-तीन. कोणी लावलं नव्हतं, कोणी मोजलं नव्हतं. चारही मासे त्यांच्याखाली जाऊन बसले होते, आणि आमची डोकी बादलीवर असूनही बिचकत नव्हते.

“पंधरा दिवसांत,” ताई म्हणाली. “मी महिना म्हटलं होतं.” पहिल्यांदाच तिचं माप चुकलं, आणि तिने ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ताईने मला उठवलं. माझी सुटी होती. तिने माझ्या हातात वही दिली, वर लेखणी. तीन रकाने तिने भरलेले होते, नव्या मीटरचे. चौथा कोरा.

“मला का?” मी म्हटलं. “मला त्यातलं काय कळतं?”

“म्हणूनच,” ती म्हणाली आणि चहा करायला गेली. माझ्या गाळण्याने. किल्ली तिला कधीपासून ठाऊक होती देव जाणे.

मी चरफडत गॅलरीत गेले. फरशी गार, गुडघे कुरकुरणारे, आणि बादलीत वाकून बघायचं म्हणजे जवळजवळ लोटांगणच. एक मासा दिसला. दुसरा पानाखाली. तिसरा दिसेना. मला वाटलं लिहून टाकावं आणि जाऊन झोपावं, कोण बघतंय? मग मी तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिसरा गाळातून वर आला, आणि त्याच्या मागून चौथा.

मी लिहिलं, ‘चार. बघून लिहिले.’